नागभीडच्या फलाटावरचा बर्फ

माझ्या हातून एकदा अख्ख्या गावाचं मासोळीचं बीज मेलं आणि त्याचा ठपका माझ्या वडिलांच्या हातावर बसला. ही गोष्ट मी चोवीस वर्षं पोटात ठेवली. त्या काळात मी शिकलो, नोकरीला लागलो, परदेशात गेलो, चार लोकांत मान मिळवला. वडील मात्र स्वतःच्या उजव्या हातावरचा विश्वास घालवून गावात बसून होते. त्यांना तो परत द्यायचा, एवढं एकच काम मला करायचं होतं आणि तेच मी टाळत राहिलो. शेवटी केलं. ते कसं झालं ते लिहितोय.

त्याआधी मी पोटासाठी काय करत होतो ते सांगायला हवं. नातेवाइकांनी विचारलं की मी म्हणायचो, 'कण थंड करतो.' त्यावर एका मामांनी विचारलं होतं, 'म्हणजे फ्रिजच्या कंपनीत?' तसं नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत एक भलंमोठं गोल कडं होतं, म्हणजे हवा काढून घेतलेली पोकळ नळी, भोवती चुंबक. तिच्यात आयन फिरत ठेवायचे. आयन म्हणजे ज्यांच्यातून इलेक्ट्रॉन काढून घेतलेत असे अणू. सेकंदाला लाखो फेऱ्या. सगळे एकाच दिशेनं धावतात खरे, पण कोणी जरा पुढं सरतो, कोणी मागं राहतो, कोणी कडेला झुकतो. धावण्याच्या आतली ही जी धक्काबुक्की, तिलाच आम्ही आयनांची उष्णता म्हणायचो. तापलेला झोत पसरतो, नळीच्या भिंतीला लागतो आणि संपतो. तो टिकवायचा तर निववायला हवा, आणि निववायला तिथं इलेक्ट्रॉनांचा झोत वापरत. तो कसा, ते पुढं येईलच.

आता गाव. सावली गावापासून दोन कोसांवर, धानाच्या बांध्यांच्या म्हणजे भातखाचरांच्या मधोमध, मोठ्या तलावाच्या मातीच्या पाळीखाली आमचं गाव. आम्ही ढिवर, मासेमार. तलाव मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा होता तोवर आमचे लोक त्याच्या मर्जीनं जाळं टाकत. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला आणि चार वर्षांच्या खेट्यांनंतर मासेमारी आमच्या सहकारी सोसायटीकडे आली. मरळ, वांब, झिंगे हे आपोआप होत. पण रोहू-कटला वाढवायचा तर बीज कलकत्त्याहून आणावं लागे. जिऱ्याच्या दाण्याएवढी पिल्लं, म्हणून त्यांना जिरेच म्हणत. मातीच्या हंड्यांत पाण्यासकट रेल्वेनं आणायचे, गोंदियाला उतरून छोट्या गाडीत बसायचं, नागभीड, सिंदेवाही करत मूल स्टेशन आणि तिथून बैलगाडी.

हे काम कुणालाही देत नसत. आमच्यात मानत की काही माणसांचा हात थंड असतो. बघायची रीत अशी: हंडीत हात सोडायचा आणि स्वस्थ राहायचं. जिरे बोटांमधून खेळायला आले तर हात थंड, पळाले तर तापट. माझ्या वडिलांच्या बोटांत जिरे असे शिरत की बघणाऱ्याला हसू यावं. आजूबाजूच्या चार गावांच्या बोड्यांतही, म्हणजे लहान तळ्यांतही, बीज सोडायला त्यांनाच बोलावणं येई. जो बीज आणतो त्यानंच ते घाटावर पाण्यात सोडायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात पहिलं जाळंही त्यानंच टाकायचं, असा मान होता. वडिलांना शेत नव्हतं, अक्षर येत नव्हतं. तो हात हीच त्यांची इस्टेट.

सोसायटीच्या पहिल्या बीजाला वडील निघाले तेव्हा माझा बी.एस्सी.चा निकाल लागून दोन महिने झाले होते आणि नोकरीचा पत्ता नव्हता. कलकत्त्याच्या व्यापाऱ्याशी आणि रेल्वेच्या बाबूंशी बोलायला शिकलेला माणूस बरा, म्हणून मला सोबत धाडलं. साऱ्या गावात मी एकटा पदवीधर. म्हातारे लोकही मला 'मास्तर' म्हणायला लागले होते, आणि मला ते गोड वाटत होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच.

हावड्याहून सहा हंड्या घेऊन निघालो. वडील दोन रात्री झोपले नाहीत. हंडीत हात कोपरापर्यंत, पाणी सारखं गोल फिरतं ठेवायचं, म्हणजे त्यात हवा खेळते. चिमूटभर लाल माती टाकायची, घाण तळाशी बसते. मोठ्या स्टेशनवर थोडं पाणी बदलायचं. ते बदलणं पाहण्यासारखं होतं. नवं पाणी आधी घागरीत भरून हंडीला टेकवून ठेवत. दोन्हींची ऊब सारखी होईपर्यंत कितीही घाई असली तरी थांबत. मग मी फडक्यातून जुनं पाणी काढायचं, त्यांचा उजवा हात आत पाणी फिरवत असे आणि डाव्या हातानं ते नवं पाणी त्या फिरत्या हातावरून, त्याच दिशेनं, त्याच चालीनं सोडत.

"नव्या पाण्यानं जुन्यासंगं चाललं पाह्यजे," ते म्हणाले. "आडवं घुसलं का जिरे भेतेत."

मी त्यांना माझं शास्त्र ऐकवलं. थंड पाण्यात हवा जास्त विरघळते. बर्फ मिळाला असता तर एवढी मेहनत नको, हंडीत खडा टाकला की झालं.

"बर्फ मेल्या मासोळीले लागते," वडील म्हणाले आणि हात फिरवत राहिले.

मला राग आला. पुस्तकात छापलेलं ते एका वाक्यात उडवून लावत होते.

गोंदियाला त्यांनी अर्धं पाणी बदललं. जिरे उत्तम होते. छोट्या गाडीनं नागभीडला आलो तर गाडी अडली. सिंदेवाहीच्या अलीकडे नाल्याच्या पुलावर पाणी होतं. कधी निघेल ते कुणालाच माहीत नव्हतं. पाऊस थांबून कडक ऊन पडलं होतं आणि फलाटावरून वाफा येत होत्या. हंड्या उतरवून आम्ही कडुनिंबाच्या सावलीत मांडल्या. वडिलांचे डोळे लाल झाले होते, बसल्या बसल्या मान पडत होती.

"मी घडीभर पडतो," ते म्हणाले. "हात चालू ठेव. पाणी बदलू नोको. जिरे वर येऊन राह्यले तं मले उठव."

अर्ध्या तासात जिरे वर आले. सहाही हंड्यांत पाण्याच्या वरच्या थरात गर्दी, इवलीशी तोंडं उघडझाप करत होती. वडिलांना उठवायला हवं होतं. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की इतका थकलेला माणूस, त्यांना उठवायचं जिवावर आलं. खोटं आहे ते. मला माझं खरं करून दाखवायचं होतं.

फलाटाच्या टोकाला एका व्यापाऱ्याचा माणूस नागपूरला पाठवायची मरळ पेट्यांत भरत होता. मासोळीचा थर, बर्फाचा थर, वर लाकडाचा भुसा. त्याच्याकडे मी बर्फ मागितला. त्यानं गोणपाटात घालून दिला, कशाला ते विचारलंसुद्धा नाही. मी भुसा धुऊन काढला आणि मुठीएवढा एकेक तुकडा सहाही हंड्यांत सोडला.

पाच मिनिटांत जिरे खाली गेले. उघडझाप थांबली. पाणी इतकं शांत झालं की मला गंमत वाटली. दोन हजार वर्षांच्या ढिवरकीला मी एका खड्यात हरवलं, असं काहीसं माझ्या मनात आलं. हात फिरवायचंही मी थांबवलं. निवले आहेत, निवू देत.

वडील उठले तोवर बर्फ केव्हाच वितळला होता आणि उन्हाच्या झळांनी पाणी पुन्हा मातीच्या भांड्यातल्या कोणत्याही पाण्याइतकंच गार राहिलं होतं. त्यांनी सवयीनं पहिल्या हंडीत हात सोडला. बोटांत कोणी आलं नाही. दुसऱ्या हंडीत सोडला. मग तळाशी हात घालून मूठभर पाणी वर काढलं. तळहातावर जिरे आडवे पडले होते, काहींची शेपटी हलत होती.

"पाणी बदललं काय?"

"नाई."

"काही टाकलं?"

"नाई बाबा. हातच फिरवून राह्यलो होतो."

इतक्या सहज निघालं तोंडातून. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ अवघड गोष्टी केल्या, पण त्या खोट्याइतकं सोपं काही केलं नाही.

वडिलांनी तळहातावरचे जिरे परत हंडीत सोडले. मग म्हणाले, "मंग गोंदियालेच माहा हात चुकला. पाणी एक व्हाच्या आधी टाकलं असन मी. झोप होती डोयात."

उरलेल्यांना वाचवायला त्यांनी जिवाचं रान केलं. गाडी सुटल्यावर मूल येईपर्यंत दोन्ही हातांनी दोन हंड्या फिरवत होते. पण मूलला उतरलो तेव्हा सहाही हंड्यांचं पाणी वरून पांढरं झालं होतं.

स्टेशनाबाहेर गावातले पंधरा-वीस लोक बैलगाडी घेऊन उभे होते. हंड्यांवर झाकायला पळसाची ओली पानं आणली होती. वडील त्यांच्यासमोर गेले आणि म्हणाले, "बीज मेलं. माहा हात चुकला."

मी त्यांच्या बाजूला, हातभर अंतरावर. तोंड उघडायचं होतं. तितक्यात एक म्हातारा माझ्याकडे पाहून म्हणाला, "मास्तर तरी काय करन बिचारा?" आणि मी मान खाली घातली. बिचाऱ्यासारखी.

कोणी वडिलांना दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, भांडण होऊन काही बाहेर तरी पडलं असतं. 'होते भाऊ असं, कोनाच्या हातचं नाई,' असंच सगळे म्हणत. पण पुढच्या वर्षी बीज आणायला कोण, हा विषय निघाला तेव्हा साऱ्यांनी एकदम जमिनीकडे पाहिलं. वडील स्वतःच म्हणाले, "माहा हात तापला. दुसरा पाहा."

त्यानंतर त्यांनी हंडीला हात लावला नाही. आसपासच्या बोड्यांचीही बोलावणी नाकारली. रोवण्याच्या दिवसांत दुसऱ्याच्या बांधीत मजुरीला जायचे, एरवी घरी बसून जाळी विणायचे. जाळी सुंदर विणत, पण स्वतः टाकत नसत. आई मला म्हणाली, "तुहे बाबा हात लपवून बसते रे. जेवतानी बी माह्याकडे पाठ करते." मी तेव्हा नागपूरला एका शाळेत लागलो होतो, सुटीला आलो होतो. मी आईला म्हणालो, वय झालं की होतं असं. वडील पंचेचाळीसचे होते.

मूलच्या त्या दिवसानंतर दोन वर्षांनी सोसायटीनं पुन्हा बीज आणलं. दुसऱ्या माणसानं आणलं, बरंचसं जगलंही. सारा गाव घाटावर जमला. नव्या माणसाला भीती वाटत होती, त्यानं वडिलांना हाक मारली, "भाऊ, एक डाव हात लावून पाहा ना, जिरे कसे हायेत तं." वडील पाळीवर उभे होते. दोन्ही हात पाठीमागे. त्यांनी मान हलवली आणि एक पाऊल मागे घेतलं. त्यांचा चेहरा मला दिसत होता. मी चढून त्यांच्याजवळ गेलो, आता सांगायचंच असं ठरवून गेलो, आणि म्हणालो, "ऊन लागते, घरी चला."

चोराच्या मनात चांदणं असतं. मी सुट्यांना येणं कमी केलं. पुढं मुंबईला संशोधनाची जागा मिळाली. तिथून परदेश. घरी पैसे पाठवायचो, स्वेटर पाठवायचो. उन्हात भाजणाऱ्या मुलखात राहणाऱ्या माणसाला स्वेटर! आई गेली तेव्हा पोचलोच नाही.

आता प्रयोगशाळेचं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. इलेक्ट्रॉनांनी आयन निववायचे प्रयोग नवे होते, सगळेच चाचपडत होते. कड्याच्या एका सरळ तुकड्यात आम्ही इलेक्ट्रॉनांचा झोत आयनांच्या सोबत सोडायचो. इलेक्ट्रॉन हलके, आणि त्यांचा झोत शिस्तीचा, आतली धक्काबुक्की फार थोडी. तापलेला आयन त्यांच्यातून जाताना त्यांना ढुसण्या देतो आणि आपला ताप त्यांच्या अंगावर उतरवतो. थोडं अंतर सोबत गेल्यावर ते इलेक्ट्रॉन बाजूला वळवून काढून घ्यायचे. आयन फेरी मारून येतो तो ताजे इलेक्ट्रॉन हजर. अशा लाखो फेऱ्यांनी आयन निवतो. इलेक्ट्रॉनांना किती विजेच्या दाबानं ढकलायचं, म्हणजेच त्यांचा वेग किती, ते जमवणं माझ्याकडे होतं.

आठवडाभर काही होत नव्हतं. पडद्यावर आयनांच्या वेगांचा एक पसरट ढिगारा दिसायचा, तो तसाच राहायचा. माझे सहकारी म्हणाले, इलेक्ट्रॉन वाढवा. आणखी सोडा, आणखी. सोडले. तरी काही नाही, उलट आयन जास्तच गळायला लागले. त्या दिवशी दुपारी मी जरा चिडूनच बोललो की थंडी वाढवून काय उपयोग, चाल जमली नाही तर थंडी त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की हे वाक्य माझं नव्हतं.

मी खुर्ची ओढून बसलो आणि दाबाचं चक्र फार हळू फिरवायला लागलो, केसाकेसानं. तासाभरानं ढिगाऱ्याची एक बाजू आत सरकली. मग दुसरी. मग तो आकसत आकसत पडद्यावर एक उंच, बारीक रेघ उरली. आयन निवले होते. माझ्या मागं टाळ्या वाजल्या, कुणीतरी पाठ थोपटली. मी बाहेर मोटारी लावायच्या जागेत जाऊन उभा राहिलो आणि रडलो. बर्फानं जिरे दचकून मेले हे मला बीज मेलं त्याच वर्षी कळलं होतं, त्यात नवीन काही नव्हतं. नवीन हे होतं की जे जमवायला आम्ही चाळीस शिकलेली माणसं एवढं यंत्र घेऊन बसलो होतो, ते एका माणसाचा हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून जाणत होता. आणि त्या माणसाला मी पटवून दिलं होतं की तुझा हात चुकला.

पत्र लिहिण्यात अर्थ नव्हता. वडिलांना पत्र दुसऱ्यानं वाचून दाखवायचं, म्हणजे आधी साऱ्या गावाला कळायचं आणि मग त्यांना. त्यांना पहिलं मीच सांगायला हवं होतं. रजा काढली आणि आलो.

वडील ओट्यावर जाळं विणत होते. सत्तरीकडे झुकले होते, नजर अधू झालेली, पण गाठी बिनचूक. दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी विचारलं, "तू तिथी करते तरी काय?" मी सांगितलं. इलेक्ट्रॉनांना पाणी म्हटलं, आयनांना जिरे म्हटलं, जमेल तसं सांगितलं. ते विणायचे थांबले.

"अना तापलेलं पाणी कुठी टाकता?"

"पुढं तांब्याचं भांडं असते, त्यात घेतो."

"नवं येते ते जुन्याच्या चालीनं?"

"त्याच चालीनं. जरा कमी-जास्त झालं तरी जमत नाई."

"मंग बराबर हाये," ते म्हणाले. एखाद्या शिकाऊ पोराचं काम पास करावं तसं.

तेव्हा मी बर्फाचं सांगितलं. सगळं. पेटीवाला माणूस, मुठीएवढे तुकडे, त्यांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. मी शिव्यांची वाट पाहत होतो, मारलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. उजवा हात समोर धरला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"म्हणजे गोंदियाचं पाणी बराबर होतं," ते म्हणाले.

"बराबर होतं, बाबा."

"मले वाटे, पाणी एक झालं होतं. हाताले तसंच लागलं होतं." ते माझ्याकडे वळले. "उद्या सोसायटीची बैठक हाये. तिथी सांगशील?"

"त्यासाठीच आलो."

सकाळी त्यांनी न्हाव्याला बोलावून दाढी केली. ट्रंकेतलं धुतलेलं धोतर काढलं. शाळेच्या पडवीत बैठक होती, तिथपर्यंत माझ्या पुढं चालत गेले. बाहेर कोणी भेटलं की थांबून सांगत, 'चाल ना बैठकीले, पोरगा बोलनार हाये.' आईच्या माघारी त्यांना इतकं हुशारीत कोणी पाहिलं नसेल.

पडवीत तीस-पस्तीस माणसं होती. मूलला गाडी घेऊन आलेल्यांपैकी चार-पाच म्हातारे, बाकी त्यांची मुलं. मी उभा राहिलो आणि आदल्या दिवशी सांगितलं तेच सांगितलं, काही न झाकता. मी बर्फ टाकला, मी खोटं बोललो, माझ्या वडिलांचा हात कधीच चुकला नव्हता.

मग अध्यक्ष उठले. मूलला ते तरणे गडी होते, बैल त्यांचे होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

"भाऊ," ते वडिलांना म्हणाले, "असा पोरगा देवानं साऱ्याइले द्यावा. इमानात बसून आला, इतका मोठा साहेब, अना बापाचं वझं आपल्या डोक्यावर घेऊन राह्यला."

टाळ्या वाजल्या. मी ओरडलो, की हे वझंबिझं काही नाही, हे खरं आहे, मीच केलं. जितका ओरडलो तितकी माणसं आणखी गहिवरली. एक म्हातारा हसत म्हणाला, "काहाले गा खोटं बोलते, मास्तर? बी.एस्सी. शिकलेला मानूस जित्या मासोळीत बर्फ टाकन काय? आमाले का येडं समजते?" बाकीचेही हसले, मायेनं. नागभीडचा तो पेटीवाला कुठून आणू मी साक्षीला? वरातीमागून आलेलं घोडं, त्याला कोण विचारतो. त्यांनी शाळेतून नारळ आणि शाल मागवली, बहुतेक कुणा अधिकाऱ्यासाठी आणून ठेवलेली असावी, आणि ती माझ्या खांद्यावर घातली.

वडील कोपऱ्यात बसले होते. सुरुवातीला त्यांची मान ताठ होती. शाल घालताना मी पाहिलं, त्यांनी उजवा हात हळूच खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली घेतला होता.

घरी येताना आम्ही पाळीवरून चाललो. तलाव भरला होता. वडील आता माझ्या मागं चालत होते. अर्ध्या वाटेवर थांबले.

"खरं सांग," ते म्हणाले. "तूनं टाकला होता बर्फ, का माह्यासाठी बोलला?"

मी काय ऐकतोय ते मला कळेना. "बाबा, काल सांगितलं ना तुम्हाले. मीच टाकला. तुमची शपथ."

त्यांनी माझ्या खांद्यावरच्या शालीकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा सैल झाला, आणि काल दुपारपासून त्यावर जे काही आलं होतं ते गेलं.

"तू लहानपनापासून असाच," ते म्हणाले. "तुह्या मायवर गेला. दुसऱ्याचं दुखनं पाहवत नाई तुले."

"मीच टाकला, बाबा."

"हो गा, हो," ते म्हणाले आणि लहान पोराची समजूत काढावी तसा त्यांनी माझ्या पाठीवरून डावा हात फिरवला.